स्पेअर

एप्रिलमधली गोष्ट. जेवणं झाली होती, आई ओटा आवरून हॉलमध्ये आली, पदराने मान पुसली आणि सवयीने टीव्हीशेजारच्या भिंतीकडे वळून हात वर केला. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे चार दिवसांपूर्वी मीच तिथली एसीची जुनी डायल काढून भोकावर एक पांढरी कोरी प्लेट बसवली होती. तिचं बोट त्या प्लेटवर टेकलं, थोडा वेळ तसंच राहिलं, मग तिने प्लेटवरची नसलेली धूळ पुसल्यासारखं केलं आणि सोफ्यावर येऊन बसली. 'उकडतंय' म्हणाली. मी मोबाईल बघितला, २६.१. म्हटलं अगं सव्वीस आहे, चालू आहे मशीन. तर म्हणाली, 'तुझ्या मोबाईलला नसेल उकडत.' आणि पेपरची घडी करून वारा घ्यायला लागली.

ते बोट काही डोक्यातून जाईना.

आमचं घर दांडिया बाजारात, जुन्या पद्धतीचं, लांबच लांब. तळमजल्यावर पूर्वी काकांची पॅथॉलॉजी लॅब होती आणि १९९६ साली त्यांनी लॅबसाठी चांगलं साडेपाच टनाचं डक्टवालं एसी मशीन बसवून घेतलं होतं, थ्री फेज, फॉल्स सीलिंगमधून पत्र्याचे डक्ट, चार ग्रिल. २००९ ला काकांनी लॅब बंद केली, आजीला जिना चढवेना, म्हणून आम्हीच वरून खाली आलो आणि लॅबचा हॉल झाला. पहिले काही महिने मशीन लावलं की आधी स्पिरिटचा वास यायचा, मग थंड हवा. आजी म्हणायची रोज इंजेक्शन घ्यायला आल्यासारखं वाटतं. बडोद्यात मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस तर नेहमीचंच, त्यामुळे तक्रार कोण करणार, पाहुणे तर मुद्दाम दुपारचे यायचे आणि चहा झाला तरी उठायचे नाहीत.

तर ह्या मशीनची डायल. पिवळट पांढरी प्लॅस्टिकची डबी, पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी मोठी, वरती १० ते ३० आकडे आणि एक सरकणारी दांडी, खाली दोन छोटे खटके, एक बंद-पंखा-थंड असा आणि दुसरा पंख्याच्या जोराचा. जुन्या हॉटेलांत, बँकांत भिंतीवर असते ना, तीच. दांडी सरकवली की एका ठिकाणी 'टक' व्हायचं. आत बॅटरी नाही, सर्किट नाही, फक्त वायू भरलेली एक पत्र्याची चपटी डबी, जी उकडलं की फुगते आणि एक स्विच दाबते. बावीसच्या आकड्याजवळ हळदीचा एक जुना डाग आहे, तो आईच्या बोटाचा. तीसच्या बाजूला प्लॅस्टिक घासून गुळगुळीत झालंय, ती आजी.

कारण भांडण ते होतंच. आईचं वय तेव्हा पन्नाशीचं, तिला आतून वाफा यायच्या, ती दांडी वीसवर न्यायची. आजी शाल घेऊन उठायची आणि तीसवर. टक. दहा मिनिटांनी परत टक. दोघी एकमेकींशी त्याबद्दल अक्षर बोलायच्या नाहीत, सगळं भांडण त्या डबीवरच. बाबा मधे बसून दोन महिन्यांचं लाईट बिल पाकिटाच्या मागे गुणाकार करून तपासायचे. एका उन्हाळ्यात ते तेरा हजारांवर गेलं आणि बाबा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मग एक दिवस त्यांनी शिडी लावली, माळ्यावर चढले, अख्खा रविवार तिथेच, आणि खाली येऊन म्हणाले, 'सेन्सर जरा खराब होता, ठीक केलाय, आता नीट चालेल.' आणि खरंच नीट चाललं. टक टक चालूच राहिली पण कुरबुर संपली. मला वाटलं, वयाप्रमाणे दोघी निवळल्या.

बाबा २०२२ मध्ये गेले. आता दिवसभर आम्ही दोघं नवरा-बायको ऑफिसला, आई एकटी, तिला झोप लागते आणि मशीन पाच-पाच तास पळत राहतं. ह्या वर्षी ठरवलं की हे सगळं मोबाईलवर आणायचं. मी कॉम्प्युटरवाला, त्यामुळे घरात एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, आधीच पडलेला होता, त्यावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली यंत्रं मोबाईलवरून चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, आणि मग इंटरनेटवर जुना वायरवाला थर्मोस्टॅट, म्हणजे ही असली डायल, कसा जोडायचा ते शोधायला बसलो. सापडलं ते सगळं अमेरिकेतल्या घरांचं. तिकडे थर्मोस्टॅटला चोवीस व्होल्टच्या बारीक वायरी येतात, दारावरच्या घंटीला असतात तशा, आणि प्रत्येकीला एक अक्षर, आर म्हणजे सप्लाय, डब्ल्यू म्हणजे गरम, वाय थंड, जी पंखा. जुन्याला तेवढ्यावर भागायचं, कारण तो बिचारा नुसता स्विच. १९५३ मध्ये आलेला हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट तर बघण्यासारखा, आत धातूच्या पट्टीची गुंडाळी आणि तिच्यावर काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब, तापमान बदललं की गुंडाळी उलगडते, नळी कलते, थेंब घरंगळतो आणि सर्किट जुळतं. नवीन वायफायवाल्याला मात्र चोवीस तास खायला लागतं, म्हणून त्याला सी नावाची आणखी एक वायर पाहिजे, आणि ती जुन्या घरात एकतर नसते नाहीतर भिंतीत मागे गुंडाळून कोणीतरी सोडून दिलेली असते. त्या सी वायरीपायी तिकडची माणसं किती रडतात ते वाचून मला आधी हसू आलं.

आपल्याकडे प्रकारच वेगळा. आमच्या भिंतीत सरळ दोनशे तीस व्होल्ट. तिकडचा तो देखणा स्मार्ट थर्मोस्टॅट आणून लावला असता तर पहिल्याच मिनिटाला धूर. म्हणून बेत असा केला की डायल काढायची, एक छोटा वायफायवाला ईएसपी बोर्ड, एक रिले म्हणजे बोर्डाच्या हुकमाने पडणारा स्विच, तीन पायांचा एक तापमानाचा सेन्सर, आणि रिलेतून कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे त्याच्या मोठ्या स्विचला, सप्लाय. बाकी डोकं होम असिस्टंटचं. त्याच्यात जेनेरिक थर्मोस्टॅट म्हणून एक सोय आहेच, तिला एक स्विच द्या, एक सेन्सर द्या, किती अंशांची सूट ते सांगा, झालं.

डायल उघडली. एमसीबी पाडून, टेस्टर लावून, सगळं बाबांच्या शिस्तीत. आत पाच वायरी. पंख्याच्या तिन्ही जागेवर, फेज जागेवर, आणि पाचवी, जी थंडच्या टर्मिनलवर असायला हवी होती, ती तिथे नव्हती. ती मागे दुमडलेली होती, टोकाला काळी टेप, अगदी नीट, तीन वेढे, आणि तिच्यावर दोऱ्याने बांधलेला कागदाचा छोटा टॅग. टॅगवर इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, बाबांच्या त्या ड्रॉइंगसारख्या अक्षरात, स्पेअर. खाली तारीख, १९-६-११.

मला आधी काही कळलंच नाही. बाबा रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटमध्ये होते, चौतीस वर्षं. तिथे कुठलीही केबल उघडली की ज्या वायरी वापरात नाहीत त्यांना स्पेअर म्हणतात, टॅग लावतात, नंतर येणाऱ्याला कळावं म्हणून. पण ही वायर स्पेअर कशी असेल, हीच तर डायलची एकुलती एक कामाची वायर. एमसीबी उचलला आणि मल्टिमीटर लावला तर सत्तर व्होल्ट. म्हणजे जिवंत? की मेलेली? एसीवाल्या भाईंना बोलावलं, त्यांनी मीटरकडे बघितलंच नाही, बाबांच्याच पेटीतला टेस्ट लॅम्प काढला, होल्डर, साधा साठचा बल्ब, दोन वायरी, आणि लावला. बल्ब ढिम्म. 'साहेब, आ वायर तो क्यांय जतो ज नथी.' म्हणजे ही वायर कुठे जातच नाही. मीटर खोटं बोलत नव्हतं तसं. एकाच पाइपमधून पाच वायरी वर्षानुवर्षं शेजारीशेजारी गेल्यात, बाकीच्या जिवंत आहेत, त्यामुळे पाचवी कुठेही जोडलेली नसली तरी तिच्यावर शेजारणींचा थोडा व्होल्टेज चढतो. मीटर इतकं नाजूक की त्याला तेवढंही दिसतं. बल्ब लावला की क्षणात शून्य.

मग माळ्यावर चढलो. धूळ, कबुतराची पिसं, आणि परतीच्या हवेच्या खोक्यात, ग्रिलच्या मागे, विंडो एसीत असतो तसला एक साधा थर्मोस्टॅट, तांब्याच्या बारीक नळीवाला, दोन क्लिपांनी पक्का बसवलेला. नॉबवर लाल पेंटने एक खूण. पंख्याच्या लाइनवरून फेज उचललेला, ह्या थर्मोस्टॅटमधून सरळ कॉन्टॅक्टरला. मी नंतर सेन्सर लावून बघितलं, खूण बरोब्बर सत्तावीसची.

खाली बसायला जागा नव्हती, नाहीतर तिथेच बसलो असतो.

म्हणजे २०११ च्या त्या रविवारपासून भिंतीवरची डायल कशालाच जोडलेली नव्हती. पंखा तिच्यावर चालायचा, तो कमी-जास्त व्हायचा, टक पण व्हायचं कारण आतली डबी फुगायची आणि स्विच पडायचा, पण ते टक भिंतीतच संपायचं. आई वीसवर न्यायची, आजी तीसवर न्यायची, आणि वर माळ्यावर बाबांचं सत्तावीस. आणि दोघी म्हणायच्या, 'हं, आता बरं वाटतंय.' मला नीट आठवतंय. आजीच्या शेवटच्या वर्षी, २०१४ चा उन्हाळा, रात्री ती हाक मारायची, 'अरे जरा गार कमी कर रे', मी अर्धवट झोपेत उठून दांडी तीसकडे न्यायचो, टक ऐकलं की तिचं अंग सैल पडायचं, शाल खाली यायची. तिला मी किती वेळा तसं बरं केलंय. काही न करता.

पुण्याला ताईला फोन केला. ती आधी इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग एकदम म्हणाली, 'म्हणजे आजीला पण फसवलं?' आणि मग दोघंही गप्प. ऑफिसातला मित्र म्हणाला त्यात काय, अमेरिकेत ऑफिसांमध्ये असे नुसते दाखवायचे थर्मोस्टॅट लावतातच, लोक येतात, फिरवतात, समाधानाने जागेवर जातात. असेल. पण ते ऑफिस झालं. आणि मला खरं जे खटकत होतं ते वेगळंच होतं. बाबा ज्या प्लांटमध्ये होते तिथे एखादं इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की मशीन आपोआप थांबवणारी सोय, तासाभरासाठी बायपास करायचं तरी रजिस्टरमध्ये लिहावं लागतं, कारण काय, कधीपर्यंत, कोणाची सही. घरी जेवताना ते आम्हाला ह्याच गोष्टी सांगायचे, कोणीतरी न सांगता जंपर, म्हणजे वळसा घालणारी वायर, टाकला आणि मग काय झालं, वगैरे. त्या माणसाने स्वतःच्या हॉलमध्ये अकरा वर्षं बायपास चालवला, ना सही, ना तोंडातून शब्द. टॅग मात्र लावला. स्वभाव जाईल कुठे. मला राग यायचा तेव्हा तो टॅग बघून हसू यायचं, आणि हसू आलं की परत आजीची शाल आठवायची. असं दोन-तीन दिवस चाललं.

काम पण चालूच होतं मधे. पहिल्या दिवशी वेगळाच त्रास, कॉन्टॅक्टर सुटला की माझा बोर्डच रीसेट व्हायचा, रिले भलत्याच वेळी पडायचा, मशीन ठो करून चालू. दोन रात्री मी सॉफ्टवेअर चिवडत बसलो. शेवटी कळलं की कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधला करंट तोडला की ती उलटा झटका देते आणि तो झटका बोर्डाला झेपत नाही. उपाय म्हणजे कॉइलच्या दोन टोकांना एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टन्स लावायचा, स्नबर. कुठे मिळेल म्हणून शोधत होतो तर बाबांच्या कपाटात पेढ्यांच्या खोक्यात सात होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर तेच कॅपिटल अक्षर. एक लावला. बोर्ड परत कधी रीसेट झाला नाही.

तर असं सगळं नीट झालं, डायल उतरली, कोरी प्लेट लागली, मोबाईलवर सुंदर गोल आला, आणि चौथ्या दिवशी आईचं ते बोट.

त्या रात्री ती झोपल्यावर मी ॲप उघडून बघत बसलो. तिच्यासाठी एका जुन्या टॅबवर मी सोपं पान केलं होतं, मोठे आकडे, वर आणि खालीचे बाण. आणि सेटिंगमध्ये, सहज, काही फार विचार न करता, कमीत कमी तापमान २५ टाकून ठेवलं होतं. बाण कितीही दाबा, पंचवीसच्या खाली आकडा जात नाही. तिला मी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, बिल येतं ना. आणि हे सगळेच करतात, २०२० पासून स्टार लेबलचा रूम एसी कारखान्यातूनच चोवीसवर सेट होऊन येतो, जून २०२५ मध्ये तर केंद्रीय मंत्री म्हणाले की नव्या एसींना २० ते २८ च्या मधेच ठेवण्याचा विचार आहे. बाबा असते तर म्हणाले असते, दोन अंशांचा फरक आहे, बाकी कल्पना माझीच. फक्त बाबांचा टॅग तरी होता. माझ्या पंचवीसला कुठे टॅग होता? सेटिंगच्या तिसऱ्या पानावर एक ओळ, बस.

आईला 'स्मार्ट' ह्या शब्दाचाच राग आहे, ते एक वेगळं. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरात स्मार्ट मीटरवरून केवढा गोंधळ झाला, मोर्चे काय, घोषणा काय, तेव्हापासून तिच्या लेखी स्मार्ट म्हणजे आपल्याला न विचारता पैसे कापणारं काहीतरी. तो टॅब ती उलटा करून ठेवते. त्याच्यावर एकदा पोळीचा डबा ठेवलेला सापडला.

शनिवारी मी डायल परत लावायला घेतली. आधी सरळ विचार केला की ती स्पेअर वायर आहेच पाइपमध्ये, तीच वापरू, डायलमधून दोनशे तीस काढून टाकू आणि नुसता स्विच म्हणून बोर्डाला जोडू. जोडली. मोबाईलवर डायल आपली आपण चालू-बंद व्हायला लागली, कोणी हातही न लावता, रात्री तीन वाजता सुद्धा. तोच सत्तर व्होल्टांचा प्रकार, पंख्याच्या वायरींचा शेजार. बाबांचं एक वाक्य होतं, सिग्नल आणि पॉवर एका ट्रेमधून न्यायचं नाही, ते हे वाक्य भाजी आणि मच्छी एका पिशवीत नको ह्या सुरात म्हणायचे. मग शील्डवाली दोन तारांची केबल आणली, टीव्हीच्या मागून वेगळी केसिंगपट्टी मारली, भिंत थोडी विद्रूप झाली, होऊ दे.

आणि डायलने काय करायचं, हे ठरवायला मात्र वेळ लागला. पूर्ण ताबा दिला तर वीसवर जाणार आणि मशीन पळतच राहणार. काहीच नाही दिलं तर मी आणि बाबा एकच. विस्कॉन्सिनमधल्या एका कॉलेजात वॉरन जॉन्सन म्हणून एक प्राध्यापक होता, शिपाई दर तासाला वर्गात घुसून थर्मामीटर बघायचा त्याला वैतागलेला, त्याने १८८३ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं ते यंत्र काही मशीन चालू-बंद करत नव्हतं, तळघरात नुसती घंटी वाजवायचं की बाबा रे वर उकडतंय नाहीतर गारठलंय, पुढचं तू बघ. मला ते आवडलं. आईची डायल तशी केली. टक झालं आणि पाच सेकंद टिकलं की होम असिस्टंट सेटिंग दोन अंशांनी खाली आणतं, तासभरासाठी, चोवीसच्या खाली नाही. पंचवीसचे चोवीस केले, तेवढी ढिलाई. आणि तिला सांगितलं सगळं, चोवीसचंही. बाबांचं सोडून. तिने ऐकलं, मधेच विचारलं उद्या दूधवाला येणार आहे की सुट्टी आहे त्याची, आणि मग म्हणाली, 'डाग पुसला नाहीस ना?'

नाही पुसला. टॅग मी परत त्याच वायरीला बांधला, खाली आजची तारीख घालून.

रात्री जेवणं झाली. ती आली, मान पुसली, दांडी वीसकडे ढकलली. टक. मोबाईलवर लगेच सत्तावीसचं पंचवीस झालं. पण मशीन नुकतंच बंद पडलं होतं आणि कॉम्प्रेसर बंद झाला की गॅसचं प्रेशर सारखं व्हायला तीन मिनिटं तरी द्यावी लागतात, ते मीच घातलंय प्रोग्रॅममध्ये. ग्रिलमधून नुसती पंख्याची हवा येत होती. आई सोफ्यावर बसली, पाय वर घेतले.

'हं,' म्हणाली, 'आता कसं बरं वाटतंय.'

कॉम्प्रेसर चालू व्हायला अजून दोन मिनिटं चाळीस सेकंद होते.